भोसरीत जामीन कोण राहणार?

मराठीत जामीन होतो, जामीन मिळतो, जामीन फेटाळला जातो. कोर्टाच्या आवारात 'त्याचा जामीन झाला' हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा कानावर येते. पण या शब्दाला आणखी एक जुने क्रियापद चिकटलेले आहे आणि ते अजून मेलेले नाही: जामीन राहणे. बँकेच्या कर्जाला, पतपेढीच्या कागदाला, भिशीच्या व्यवहारात माणसे एकमेकांना जामीन राहतात. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच दुसऱ्याची हमी घेणारा असा आहे. म्हणजे जामीन हा आधी माणूस होता. रक्कम किंवा आदेश तो फार नंतर झाला. जुन्या मराठी कागदांत या माणसाचे प्रकारही ठरलेले दिसतात. बोलावल्या वेळी दुसऱ्याला आणून उभे करण्याची हमी घेणारा हाजीरजामीन, पैशाची हमी घेणारा मालजामीन, आणि पुढच्या चालचलणुकीची हमी घेणारा फेलजामीन. त्याने लिहून द्यायचा तो जामीनकतबा. मोल्सवर्थच्या कोशात हे शब्द आहेत, आणि व्यवहारात नेहमी लागल्याशिवाय भाषेत एवढे बारकावे तयार होत नाहीत. कैदेतून सुटण्याची वाट तेव्हा ओळखीतून जात असे, हे या शब्दांवरून कळते. भोसरीसारख्या गावात ती वाट पुढे कशी बंद होत गेली, हा या लेखाचा विषय आहे.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र इथे हेतू नाही. एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला त्यात, आणि मराठेशाहीच्या न्यायव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे काढलेल्या कागदांत, दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. दिवाणी तंट्यात पंचायत बसे, वादी-प्रतिवादी राजीनामा, म्हणजे संमतीचा कागद, लिहून देत, निवाडा मानू म्हणून जामीन देत. फौजदारीत मात्र अंमलदाराची मर्जी मोठी होती. डोंगरी किल्ल्यावर टाकलेला कैदी किती दिवस तिथे राहील याला नियम नव्हता. सरकारची मर्जी होईपर्यंत तो राही. आणि जामीन राहणारा कोण? ज्याचा शब्द पाटील-कुलकर्ण्यांपुढे चालतो तो. गावकुसाबाहेरच्या माणसाला, रामोशाला, फिरत्या जमातीतल्या माणसाला जामीन राहायला कोण पुढे येणार होते? माणूस माणसाला ओळखतो ही त्या पद्धतीची ताकद होती, पण ओळख कुणाची धरायची हे जात आणि वतन ठरवत असे. हा दोष लहान नाही. तरीही तिच्यात एक समज होती आणि ती टिकवण्यासारखी होती: चौकशीआधी माणसाला धरून ठेवायचे कारण एकच, तो पुन्हा हजर व्हावा, आणि त्याच्या हजेरीची सर्वांत चांगली हमी तो ज्यांच्यात राहतो ती माणसे देऊ शकतात.

कंपनी सरकारने मुंबई इलाख्यासाठी 1827 साली कायद्यांचा जो संच केला, त्यात फौजदारी कोर्टांचे, पोलिसांचे, गुन्हे आणि शिक्षांचे वेगवेगळे रेग्युलेशन होते. त्याच संचात 25 वे रेग्युलेशनही होते, आणि त्याने सरकारला कोणालाही राजबंदी म्हणून, खटला न भरता, अडकवून ठेवायची मुभा दिली होती. 1861 साली पहिला फौजदारी प्रक्रियेचा कायदा आला, मग 1872, 1882, 1898 अशा त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. जामीन आता मर्जीचा न राहता कलमांचा विषय झाला. काही गुन्हे जामीनपात्र ठरले, त्यांत जामीन हा हक्क झाला. बंधपत्राची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी असू नये, हे 1898 च्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. हे पुढचे पाऊल होते, यात शंका नाही. पण याच कायद्यांनी जामिनाचे वजन माणसावरून मालमत्तेवर सरकवले. जामीनदाराने आरोपीला ओळखणे दुय्यम झाले. आरोपी पळाला तर सरकारला वसूल करता येईल एवढी ऐपत जामीनदाराकडे आहे का, हे पहिले झाले. जुना हाजीरजामीन आणि जुना मालजामीन एकाच माणसात कोंबले गेले, आणि त्यातला मालजामीन वरचढ ठरला. जुन्या फेलजामिनाचाही नवा अवतार निघाला. उपजीविकेचे साधन सांगता न येणाऱ्या माणसाकडून चांगल्या वर्तनाचा जामीन मागायचा आणि तो देता आला नाही तर त्याला तुरुंगात धाडायचे, अशी कलमे 1898 च्या कायद्यात होती. गुन्हा शाबित नसताना, केवळ जामीन राहायला कोणी नाही म्हणून कैद. चांगल्या वर्तनाचा जामीन मागणारी कलमे नव्या रूपांत आजही आहेत.

हे दोन्ही कायदे, जामिनाचा आणि बिनखटल्याच्या कैदेचा, एकाच आठवड्यात एकाच शहरातल्या माणसांवर कसे चालले ते 1897 साली पुण्याने पाहिले. 22 जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली आणि त्याच सुमारास पुण्याचे नातू बंधू 25 व्या रेग्युलेशनखाली उचलले गेले. टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला, पण 4 ऑगस्टला उच्च न्यायालयात न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. त्यांची भूमिका आजही वाचण्यासारखी आहे: आरोपी खटल्याला हजर राहील की नाही हा खरा प्रश्न, आणि आत डांबल्यामुळे त्याला बचावाची तयारी करता आली नाही तर न्यायाचाच हेतू बुडतो. टिळकांना जामीन राहायला मुंबईचे धनिक पुढे आले. नातू बंधूंसाठी असा अर्ज करायला जागाच नव्हती. आरोप ठेवला नाही, खटला चालला नाही, आणि 1899 पर्यंत ते सुटले नाहीत. टिळकांच्या बाजूने 1897 मध्ये जामीन मागणारे बॅरिस्टर दावर 1908 साली न्यायमूर्ती म्हणून बसले होते. टिळकांसाठी जिनांनी केलेला जामीन अर्ज तेव्हा त्यांनीच फेटाळला. आरोप तोच, आरोपी तोच, खुर्ची तेवढी बदलली. जामीन न्यायाधीशाच्या मनावर किती अवलंबून असतो हे सांगायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

या इतिहासात भोसरीजवळचे चिंचवडही आहे. चापेकर बंधू चिंचवडचे. रँडच्या खुनासाठी दामोदर चापेकरांना 1897 च्या पावसाळ्याअखेर अटक झाली आणि 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात फाशी झाली. वासुदेवाने 1899 च्या फेब्रुवारीत पोलिसांना माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या. तीनच महिन्यांत, 8 मे रोजी, तोही फासावर गेला. जलद खटल्याचा हक्क म्हटले की काही जण हीच गती डोळ्यांपुढे आणतात आणि विचारतात, घाईने दिलेला न्याय तुम्हाला हवा आहे का? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच शब्द नीट वापरायला हवेत. सरकारला जेव्हा घाई असते तेव्हा खटला धावतो. सरकारला घाई नसते तेव्हा तोच खटला बसून राहतो. 1897 ते 1899 या काळात चापेकरांचे खटले धावले आणि नातूंचा खटला जन्मलाच नाही. लवकर खटला हा आरोपीचा हक्क मानायचा तर गतीची दोरी आरोपीच्या हातातही असली पाहिजे. तयारीला वेळ हवा तेव्हा मागता यावा, आणि विनाकारण उशीर होतो तेव्हा त्याला बोट दाखवता यावे. आत बसलेल्या, वकील नसलेल्या, जामीनदार नसलेल्या माणसाला यातले काहीही करता येत नाही. जामीन आणि जलद खटला हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. मला ते एकाच गाठीची दोन टोके वाटतात.

आता भोसरीकडे येऊ. हवेली तालुक्यातले, पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे शेतकऱ्यांचे गाव. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या काही वर्षांत भोसरीच्या शिवारात एमआयडीसीचे ब्लॉक आखले गेले. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. 1971 च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली या शहराची वस्ती 2011 मध्ये 17 लाख 27 हजारांवर पोचली. हे आकडे विकासाच्या भाषणांत नेहमी येतात. जामिनाच्या बाजूने ते वाचले की वेगळेच काही दिसते. चाळीस वर्षांत सतरापटीहून मोठ्या झालेल्या शहरात बहुतेक माणसे बाहेरून आलेली असणार. आधी सातारा-सांगलीकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून. मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून. शेतकऱ्याची जमीन कारखान्याच्या प्लॉटात गेली, उरलेल्या जमिनीवर गुंठ्या-गुंठ्याने घरे आणि भाड्याच्या खोल्या उठल्या. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो गाववाला, आणि खोलीत राहणारा तो बाहेरचा. जॉबवर्कच्या शॉपमध्ये, प्रेसवर, पावडर कोटिंगला, ठेकेदाराच्या हजेरीवर काम करणारा माणूस दहा-दहा वर्षे भोसरीत काढतो, पण कोर्टाला दाखवायला त्याच्याकडे भोसरीचा एकही कागद नसतो.

त्याच्यावर एखादा साधा गुन्हा दाखल झाला, समजा भंगारचोरीचा किंवा खोलीवरच्या मारामारीचा, की काय होते ते पायरीपायरीने पाहू. पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतात. दोन-चार दिवसांचा पीसीआर, मग एमसीआर, म्हणजे आधी पोलीस कोठडी आणि नंतर न्यायालयीन कोठडी, आणि गाडी येरवड्याकडे. वकील जामिनाचा अर्ज टाकतो आणि पुष्कळ वेळा तो मंजूरही होतो. घरच्यांना वाटते माणूस सुटला. पण आदेशात पुढे एक ओळ असते: अमुक हजारांचे बंधपत्र आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन सक्षम स्थानिक जामीनदार. तिथून खरी धावपळ सुरू होते. जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो, कधी तहसीलचा ऐपतीचा दाखला. सातबारा गावाकडचा, बीडचा किंवा बलियाचा असला तर तो स्थानिक नाही म्हणून नको. खोलीमालकाकडे कागद असतो, पण भाडेकरूसाठी कोर्टात उभे राहायला तो तयार नसतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? गुंठेवारीच्या घराला पालिकेची पावती असली तरी मालकीचा स्वच्छ उतारा नसतो. मग रोख जामिनावर तात्पुरते सोडण्याची विनंती होते, आणि त्यासाठी बायकोच्या अंगावरचे असेल ते मोडले जाते किंवा ठेकेदाराकडून उचल घेतली जाते. तीही मिळाली नाही तर कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतात. बनावट सातबारा आणि बनावट आधारावर उभे राहणाऱ्या अशा टोळ्या पुणे परिसरात पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. एक जामीनदार किती जणांना जामीन राहिला आहे ते त्याने सांगावे, अशी तरतूद 2005 च्या दुरुस्तीने कायद्यात घालावी लागली ती याच रोगामुळे. ज्याने आरोपीचे तोंडही पाहिलेले नाही तो त्याच्या हजेरीची हमी घेतो आहे. हाजीरजामीन या शब्दाची यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

सगळे कागद जमले तरी दिवस संपलेला असतो. सुटकेचा आदेश तुरुंगात ठरलेल्या वेळेच्या आत पोचावा लागतो. आपल्याकडच्या तुरुंगांच्या दाराशी त्यासाठी जामीनपेटी असते, पत्रपेटीसारखी. ठरल्या वेळी ती उघडतात आणि त्यातल्या आदेशांप्रमाणे कैदी सोडतात. पेटी उघडून गेल्यावर आदेश आला तर आणखी एक रात्र आत. 2021 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात एका गाजलेल्या प्रकरणात हे साऱ्या देशाने पाहिले, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने आपले आदेश थेट तुरुंगाला पाठवणारी 'फास्टर' ही व्यवस्था 2022 मध्ये सुरू केली. नाव असलेल्या आरोपीची एक रात्र देशाला दिसली. भोसरीच्या मजुराच्या रात्री कोणी मोजत नाही.

या दुखण्यावर न्यायालयाने बोट ठेवले त्याला आता साडेचार दशकांहून जास्त काळ झाला. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने सोडायला सांगितले, तर मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला आणि जामीन राहायला आलेल्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. 1978 च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी ही जिल्ह्याजिल्ह्यांतली आडकाठी घटनेच्या विरुद्ध ठरवली आणि गवंड्याकडून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, भागवायला सांगितले. बीडचा सातबारा भोसरीच्या आरोपीला का चालू नये, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच दिलेले आहे. 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरण आले. त्याची सुरुवात एका पोलीस अधिकाऱ्याच्या लिखाणातून झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खुसरो रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पोलिसांत वाढलेले. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले आणि खटला न चालता वर्षानुवर्षे पडलेल्या माणसांबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकते तिच्याहून जास्त काळ लोक कच्चे कैदी म्हणून आत होते. ते वाचून वकील कपिला हिंगोराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्या. भगवती यांनी म्हटले की घटनेत जलद खटला हे शब्द नसले तरी 21 व्या कलमातल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात तो आहेच. याच प्रकरणात त्यांनी जामीन कशावर द्यावा याचीही यादी सांगितली: माणूस त्या जागी किती दिवस राहतो, त्याचे काम, त्याचे कुटुंब, त्याला ओळखणारी माणसे. जुन्या हाजीरजामिनाची समज, जात आणि वतन वगळून, इथे पुन्हा कायद्यात आली.

जलद खटल्याचा अर्थ पुढे ज्या प्रकरणात सविस्तर लावला गेला ते महाराष्ट्राचेच होते, आणि ते गरिबाचे नव्हते. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात 1982 च्या जानेवारीत मुख्यमंत्रिपद सोडावे लागलेल्या ए. आर. अंतुले यांच्यावरचा खटला विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात हेलपाटत राहिला. 1984 मध्ये तो उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला, 1988 मध्ये सात न्यायमूर्तींनी ते वर्ग करणेच चुकीचे ठरवले. 1991 च्या डिसेंबरात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यांच्या नावाच्या प्रकरणात तत्त्वे घालून दिली. हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत सर्व टप्प्यांना लागू आहे. ठरावीक वर्षांची मुदत घालता येणार नाही. उशीर कोणामुळे झाला हे पाहावे, आणि आरोपीने स्वतः केलेला उशीर त्याच्या बाजूने धरू नये. इथे नेहमीचा आक्षेप येतो: खटले लांबतात ते आरोपींच्या वकिलांमुळेच, तेच तारखा मागतात. काही खटल्यांत हे खरे आहे. पण तारखा मागून फायदा कोणाला होतो? जो बाहेर आहे त्याला. आत असलेल्याला प्रत्येक तारीख म्हणजे आणखी पंधरा दिवस. त्याच्या तारखा पडतात त्या साक्षीदार आला नाही म्हणून, तुरुंगातून आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून, रासायनिक तपासणीचा अहवाल आला नाही म्हणून.

आणि मग एक दिवस तो गुन्हा कबूल करतो. या टप्प्यावर जरा थांबायला हवे, कारण सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत दुखरा भाग हाच आहे. कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. किरकोळ गुन्ह्यात सात-आठ महिने आत काढलेल्या माणसाला कोणी तरी सांगते की कबूल हो, जेवढे भोगले तेवढीच शिक्षा होईल आणि आजच सुटशील. तो निर्दोष असू शकतो. त्याच्याविरुद्धचा पुरावा एका उलटतपासणीत कोसळू शकतो. पण उलटतपासणीपर्यंत पोचायला आणखी वर्ष लागणार असते आणि दार आज उघडणार असते. तो कबूल होतो. निकाल लागला म्हणून खटल्यांच्या आकड्यात एक कमी होतो, दोषसिद्धीच्या आकड्यात एक वाढतो, आणि पुढे चारित्र्य पडताळणी लागली की सुरक्षा रक्षकाचीसुद्धा नोकरी त्याला मिळत नाही. देशातल्या तुरुंगांत 2022 अखेर 5 लाख 73 हजार कैदी होते, त्यांतले सुमारे शंभरातले 76 कच्चे कैदी. महाराष्ट्रात हे प्रमाण आणखी वर, दर पाचांत चारांच्या आसपास होते. येरवड्याची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आतली, आणि अलीकडच्या काळात तिथे तिच्या दुपटीहून जास्त माणसे होती. बराकीत कूस बदलायला जागा नसते तेव्हा कबुली किती स्वेच्छेची असते, हे न्यायाधीशानेही स्वतःला विचारले पाहिजे.

आता सर्वांत बळकट आक्षेप. बाहेरगावचा माणूस जातमुचलक्यावर सोडला तर तो गावाकडे निघून जातो, वॉरंट परत येते, खटला 'आरोपी फरारी' म्हणून पडून राहतो, आणि ज्याचे नुकसान झाले तो फिर्यादी हात चोळत बसतो. पोलीस हे सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. काही जण जातातच. पण मुद्दा असा की स्थानिक सातबारा असलेला जामीनदार हे रोखतो का? विकत घेतलेला जामीनदार रोखत नाही, आणि खरा जामीनदार रोखतो तो आरोपीशी असलेल्या नात्याने. उताऱ्यावरच्या गुंठ्यांचा त्यात वाटा नसतो. न्यूयॉर्कमध्ये 1961 साली व्हेरा संस्थेने एक प्रयोग केला. आरोपीला आणले की त्याला विचारायचे, किती वर्षे इथे राहतोस, काम कुठे, घरी कोण. उत्तरे पडताळायची, आणि नाते पक्के दिसले तर पैशाशिवाय, केवळ शब्दावर सोडण्याची शिफारस करायची. पहिल्या तीन वर्षांत सोडलेल्या साडेतीन हजारांपैकी हजर न झालेले दोन टक्क्यांहून कमी निघाले. न्यूयॉर्क आणि भोसरी एक नाहीत, हे मान्य. पण बाहेरून आलेल्यांचे शहर हे वर्णन दोघांनाही लागू पडते, आणि भोसरीच्या कामगाराकडे आज ईएसआयचा क्रमांक आहे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे, ठेकेदाराचे हजेरीपत्रक आहे, मोबाईल आहे, शाळेत घातलेले मूल आहे. हे सगळे त्याला इथे बांधून ठेवणारे धागे आहेत. कोर्टापुढे ते मांडले जात नाहीत, कारण फॉर्मवर त्यांना रकानाच नाही.

गंभीर गुन्ह्यांचे काय, हेही विचारले जाईल. खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी यांत जामीन द्यावा की नाही हा वेगळा प्रश्न आहे. तिथे साक्षीदाराला धोका आहे का हे पाहावेच लागते. माझा मुख्य मुद्दा न्यायाधीशाने सोडायला सांगितलेल्या आणि तरी न सुटलेल्या माणसांचा आहे. पण गंभीर आरोपातही खटला न चालवता माणूस किती वर्षे आत ठेवायचा, याला कुठे तरी सीमा लागते. पुण्यातल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात 2018 मध्ये अटका सुरू झाल्या. 84 वर्षांचे स्टॅन स्वामी 2021 मध्ये कोठडीत असतानाच वारले. आणि 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने आणखी दोघांना जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षे उलटूनही आरोप निश्चित झालेले नव्हते. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे यावर मत देण्याची गरज नाही. आरोप खरे असतील तर ते सिद्ध करायला सरकारला कोणी अडवले होते? 2024 च्या जुलैमध्ये जावेद शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: वेळेत खटला चालवता येत नसेल तर गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नये.

कायदा या दिशेने सरकला आहे, हे मान्य करायलाच हवे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असे धरून जातमुचलक्यावर सोडावे, हे 2005 च्या दुरुस्तीत आले. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला सोडण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदा गुन्ह्यात सापडलेल्यासाठी ती एक तृतीयांशावर आणली, आणि जामीन या शब्दाची व्याख्याही केली. आधीच्या 1973 च्या कायद्यात ती नव्हती. केंद्राने 2023 मध्ये गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदत देणारी योजना काढली. योजना चांगल्या मनाने केलेली आहे, पण ती पुन्हा पैशाच्याच वाटेने जाते: माणसाला ओळखणारा नाही, तर सरकारने त्याची रक्कम भरावी. त्यापेक्षा 31 जानेवारी 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मला मुळाशी जाणारा वाटतो. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने आपणहून अटी सैल करता येतील का ते पाहायचे. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, तेव्हा ती अट न घालणे बरे.

बंधपत्राचा छापील नमुना हातात घेऊन पाहावा. त्याचे दोन भाग असतात. वरच्या भागात आरोपी स्वतः लिहून देतो की मी अमुक, राहणार अमुक, बोलावले त्या दिवशी हजर राहीन, न राहिल्यास एवढी रक्कम सरकारजमा होईल. तेवढा भाग स्वतःच्या पायावर पूर्ण आहे. त्यालाच जातमुचलका म्हणतात. खालच्या भागात जामीनदाराची हमी. राहणार या शब्दापुढे भोसरीतली खोली, खोलीमालकाचे नाव, कारखान्याचा पत्ता, ठेकेदाराचा फोन, मुलाची शाळा एवढे लिहायला आणि विधी सेवेच्या स्वयंसेवकाने ते एका दुपारी लांडेवाडीत किंवा बालाजीनगरात जाऊन पडताळायला काही अडचण नाही. मग वरच्या भागावर आरोपीची सही घेऊन खालचा भाग कोरा ठेवण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला आज, याच कायद्यात, आहे.